मिसरीची डबी

दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्या अंगणातल्या चुलीवर एक जुना तवा चढायचा. भाकरीचा तवा वेगळा, हा वेगळा. मधोमध खोलगट झालेला, कडेनं गंजलेला. बाई त्याच्यावर तंबाखू टाकायची आणि उलथन्यानं हलवत बसायची. आईला आम्ही सगळी भावंडं बाईच म्हणायचो. तंबाखू आधी तांबूस व्हायची, मग काळी पडायची, आणि मग असा खकाणा उठायचा की ओट्यावर गप्पा मारत बसलेला माणूस ठसकत उठून रस्त्यावर जायचा. कुत्रंसुद्धा शिंकत पळायचं. बाईला मात्र काही व्हायचं नाही. निवल्यावर ती ते काळं कुटायची, लुगड्याच्या जुन्या फडक्यातून चाळायची आणि पत्र्याच्या एका गोल डबीत भरून ठेवायची. हीच मिसरी. पुण्याकडं हिला मशेरी म्हणतात.

आमचं गाव तीर्थपुरी. आता तालुका घनसावंगी, तेव्हा अंबड होता. दक्षिणेला गोदावरी, शिवारात कापूस आणि ज्वारी, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आल्यापासून ऊस. सकाळी पाणी भरून झालं की आमच्या गल्लीतल्या बायका परसात उकिडव्या बसायच्या. पहिलं बोट डबीत, मग हिरडीवर. बोट दातांवरून इकडून तिकडं, आणि तेवढ्यात गावाच्या सगळ्या बातम्या. पिचकारी टाकायची, पुन्हा बोट. "हिच्याबिगर परसाकडंच व्हत न्हाई," असं आमची चुलती म्हणायची. दात घासणं हे नुसतं नाव. ती बायकांची अर्ध्या घटकेची विश्रांती होती, आणि दिवसातून तेवढीच त्यांच्या वाट्याला यायची.

बाईला ही सवय कुठं लागली, हे मी तिला एकदा विचारलं होतं.

"खडीवर," ती म्हणाली.

म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. अक्का चार वर्षांची. तिला बाभळीच्या सावलीत बसवून बाई दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची. सुकडी मिळायची, ती अक्काला. तांबडी मिलो ज्वारी घरी, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या. शेजारी बसणाऱ्या एका म्हातारीनं आपली डबी बाईपुढं केली. "हिरडीला लावली की भूक मरायची. दुपार निघून जायची," बाई सांगायची. दुष्काळ गेला, खडी गेली, डबी राहिली.

बाजारातून तंबाखू आणायचं काम माझं. "बाईची द्या," एवढं म्हटलं की दुकानदार पुडी बांधायला घ्यायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे.

आम्ही पोरं लिंबाच्या काडीनं नाहीतर राखुंडीनं दात घासायचो. घासायचो म्हणजे समोरचे चार दात पांढरे दिसले की झालं. पाचवीत असताना दादांनी, म्हणजे वडिलांनी, अंबडहून मला एक ब्रश आणून दिला. गल्लीतला पहिला. पहिल्याच दिवशी मी तो मिरवत मिरवत घासला आणि थुंकलो तर थुंकीत रक्त. मी घाबरून बाईकडं पळालो. तिनं ओठ वर करून बघितलं आणि निकाल दिला, "ब्रशानं हिरड्या सोलल्या. टाक तो." मी ब्रश वळचणीला खोचून ठेवला तो पुढं दोन वर्षं काढला नाही. घासलं की रक्त येतं, घासणं थांबवलं की येत नाही. तेव्हा दोष ब्रशचा. पाचवीच्या पोराला काय, मोठ्या माणसालाही हा हिशेब पटण्यासारखा आहे. आजही गावात दहा जणांना विचारा, रक्त आलं की ती जागा घासायचं सोडतो असंच बहुतेक जण सांगतील.

१९८७ साली अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जालना जिल्हा होऊन सहा वर्षं झाली होती, पण जालन्याला जाणं म्हणजे अजूनही पहाटे उठून एसटी धरणं आणि अख्खा दिवस घालवणं होतं. मी आठवीत होतो. अक्का आली ती वाळलेली. डोळे खोल गेलेले. आल्यापासून ती सगळ्यांच्या मागून एकटीच जेवायला बसायची. एका दुपारी मी पाणी प्यायला चुलीपाशी गेलो, तर तिनं दातानं तोडलेली भाकरी चटकन पदराखाली घेतली. भाकरीच्या कडेला लाल डाग होता.

"कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "तुला माझी आण हाय."

सासरी तिनं हे दोन महिने लपवलं होतं. तोंडातून रक्त म्हणजे क्षय, एवढंच गावाला ठाऊक. क्षयाची पोरगी गळ्यात मारली, असं सासूच्या तोंडून एकदा निघालं की माहेरची वाट कायमची, हे तिला पक्कं माहीत होतं. सकाळी उशीवर लाळेचा तांबडा डाग पडायचा म्हणून ती उशीवर काळं फडकं घालून झोपायची. मी आण मोडली आणि बाईला सांगितलं.

बाईनं तिला उजेडात बसवलं, ओठ वर केला. हिरड्या फुगून जांभळ्या झालेल्या, दोन दातांच्या मधे कोंब फुटल्यासारख्या वर आलेल्या. बोट लागलं की रक्त. बाईनं आधी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, मग हळद-मीठ. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी तेच. मग बाईनं आपली डबी काढली.

"पोटातल्या लेकराची गर्मी हाय ही. मिसरी लाव. रगत धरतं."

डबीत थोडीच होती. मला बाजारात पिटाळलं. मी धावत गेलो आणि तंबाखूची पुडी घेऊन धावतच आलो. अक्काचं रक्त थांबणार म्हणून मला आनंद झाला होता.

पहिल्या दिवशी अक्काला घेरी आली, उलटी झाली. "व्हईल सवय," बाई म्हणाली. झाली. आठ-दहा दिवसांत रक्त खरंच कमी झालं. उशीवरचं फडकं निघालं. बाईचं औषध लागू पडलं म्हणून गल्लीतल्या बायकांनी माना डोलावल्या. अक्काला दिवस भरायच्या थोडं आधीच मुलगी झाली. सुईणीनं उचलून घेतली आणि म्हणाली, "चिमणीएवढी हाय गं माय." दवाखान्यात काट्यावर घातली तर दोन किलोलाही जरा कमीच. महिनाभर बाईनं तिला कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली. पोरगी जगली. अक्काच्या हिरड्या बाळंतपणानंतर चांगल्या झाल्या. मिसरी मात्र सुटली नाही. अक्का सासरी गेली तेव्हा तिच्या पिशवीत बाळंतविड्याबरोबर एक नवीकोरी पत्र्याची डबी होती.

पुढं मी डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. पोरांना आरोग्याचा धडा शिकवायचा म्हणून वाचायला लागलो आणि वाचता वाचता त्या भाकरीवरच्या डागापाशी येऊन थांबलो.

हिरडीतून रक्त येण्याचं नेहमीचं कारण साधं असतं. दातांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर रोज साचतो. जीभ फिरवली की सकाळी बुळबुळीत लागतो तोच. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो, आणि त्यालाच आपण कीटण म्हणतो. हा थर हिरडीच्या काठाला बसला की हिरडी सुजते, लाल होते, आणि सुजलेली हिरडी जरा कशाचा धक्का लागला की रक्त सोडते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो नावाच्या दंतवैद्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी धडधाकट हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणंच बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, तर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हे वाचलं आणि मला वळचणीला खोचलेला ब्रश आठवला. रक्त ब्रशानं आलं नव्हतं. हिरडी आधीच सुजलेली होती, ब्रशानं फक्त ते उघडं केलं. त्याच ब्रशानं आणखी आठ-पंधरा दिवस, हलक्या हातानं, हिरडीच्या काठाला धरून घासलं असतं तर रक्त आपोआप थांबलं असतं.

अक्काचंही तसंच. गरोदरपणात बाईच्या अंगात जे बदल होतात त्यांच्यामुळं हिरडी हळवी होते. एरवी जेवढ्या थरानं काही वाटलं नसतं तेवढ्यानंच ती फुगते. बाळंतपण झालं की बरंचसं आपोआप उतरतं. त्या काळात दात नीट घासायचे आणि कीटण असेल तर ते काढून घ्यायचं, एवढाच इलाज. अक्काच्या हिरड्या बाळंतपणानं बऱ्या झाल्या आणि नाव झालं मिसरीचं.

मिसरी लावणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झालेला आहे, आणि त्यांची लेकरं वजनानं कमी भरली, असं त्यात दिसलं. एका लेकरावरून काही ठरत नाही. अक्का स्वतःच अशक्त होती, पोटाला पुरेसं नव्हतं. पण ती पुडी घेऊन मी किती जोरात पळालो होतो, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

१९९२ साली सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. चांगलं झालं. पण आमच्या अंगणातल्या तव्यापर्यंत तो कायदा कसा पोचणार? तिथं कारखाना नव्हता, परवाना नव्हता. तिथं एक आई होती आणि तिची लेक होती.

बाईच्या हिरडीतून रक्त आलेलं मी कधीच पाहिलं नाही. तिचा तिला अभिमान होता. "तुम्ही त्या ब्रशानं घासता अन् रगत थुकता. माह्या हिरड्या बघ, लोखंड." आणि खरंच, तिच्या हिरड्या काळपट, टणक दिसायच्या. दात मात्र वर्षागणिक लांब दिसायला लागले होते. ते वाढत नव्हते, हिरड्या मागं सरत होत्या.

२००६ च्या हिवाळ्यात आम्ही शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं, शेजारी लसणाची चटणी, गूळ. बाईला हुरड्याचं भारी वेड. ती गरम गरम हुरडा तळहातावर चोळून, फुंकर मारून तोंडात टाकत होती. मधेच थांबली. तोंडातून काहीतरी काढून हातावर घेतलं. खालचा समोरचा दात होता, मुळासकट. रक्त म्हणावं तर एक ठिपका. ती त्या दाताकडं बघत बसली. मग तो पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, "तुम्ही खा." त्या दिवशी ती पुन्हा जेवली नाही.

मला त्या रात्री झोप आली नाही. ज्या पोराच्या हिरड्यांतून ब्रशला रक्त यायचं त्याचे सगळे दात शाबूत, आणि जिच्या हिरड्यांनी रक्ताचा थेंब दाखवला नाही तिचा दात हातात आला. हे कसं?

उत्तर औरंगाबादला मिळालं. त्याआधी अंबडला एकानं तपासून रक्तातली साखर बघायला सांगितली होती, आणि ती बरीच वाढलेली निघाली. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग २००७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाईला औरंगाबादच्या सरकारी दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. अक्कालाही बरोबर घेतलं. खुर्चीत आडवं व्हायला बाई तयार नव्हती. "मेल्यावाणी कशाला निजवता?" तरुण डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद घालून त्या आकडे सांगत होत्या आणि शेजारची मुलगी लिहून घेत होती. चांगल्या हिरडीत ती सळई तीनच्या पुढं जात नाही. बाईचे आकडे सहा, सात, एके ठिकाणी आठ.

"आजी, मिसरी किती वर्षं लावता?"

"मोजलंय कुणी?"

"आणि रक्त?"

"कव्हाच न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावून एक्स-रे दाखवला. दातांच्या मुळाशी हाडाचा काठ जिथं असायला हवा तिथून कितीतरी खाली गेला होता. त्या म्हणाल्या, "तंबाखूतल्या निकोटीननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळं सूज आणि रक्त दिसत नाही. आजार मात्र आत चालूच राहतो. हिरडी ओरडणार होती, तिचं तोंड दाबून ठेवलं." मग मधुमेहाचं सांगितलं. साखर वाढली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतला आजार चिघळला की साखर आटोक्यात यायला अवघड जातं. दोघं एकमेकांना हात देतात.

आमच्याकडं ज्याला सरसकट पायरिया म्हणतात तो हाच. सुरुवातीला नुसती हिरडी सुजते, तेव्हा तो पूर्ण बरा होतो. हाड झिजायला लागलं की गेलेलं हाड सहसा परत येत नाही, आहे तिथं थांबवता येतं.

बाईचे चार दात काढावे लागले. बाकीचे साफ करायचं ठरलं. यंत्राच्या टोकानं कीटणाचे काळे तुकडे निघायला लागले तशी बाई हातानं खुणा करून थांबवायला लागली. गावात सगळ्यांची पक्की समजूत, की दात साफ करून घेतले की खिळखिळे होतात. डॉक्टरीणबाईंनी तो तुकडाच तिच्या हातावर ठेवला. "आजी, ही घाण दातांच्या मधे भिंतीसारखी बसली होती. ती निघाली की फट मोकळी वाटते, दात हलल्यासारखा वाटतो. दात हिनंच हलवले, आम्ही नाही." दोन-तीन खेपांत मुळांपर्यंत सफाई झाली. मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, साखरेच्या गोळ्या न चुकता. आणि मिसरी बंद.

खरी लढाई इथून पुढं. बाईनं मिसरी सोडली. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, परसाकडं होईना. हे सगळं तिनं सोसलं. पण नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी तिनं चूळ भरली आणि पाणी गुलाबी आलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती ब्रश हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बघ. सोडली अन् रगत आलं. इतकी वर्षं कुणी धरलं व्हतं? मिसरीनंच ना?"

तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तिच्या डोळ्यांसमोरचा पुरावा होता. मी तिला एवढंच सांगितलं, "बाई, बधिर झालेल्या पायाला मुंग्या आल्या की आपण म्हणतो ना, पाय जागा झाला? तशी तुझी हिरडी जागी झालीया. महिनाभर दम धर." तिला पटलं की नाही कोण जाणे. डबी तिनं देवळीत ठेवली, टाकली नाही. मी येता-जाता देवळीकडं बघायचो. डबीवर धूळ बसली की नाही, एवढंच. ती रोज घासत राहिली, रक्त सांडत राहिली, एक अक्षर न बोलता. तीन-साडेतीन आठवड्यांनी पाणी पांढरं यायला लागलं. तेव्हाही ती काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला घर सारवताना ती डबी तिनं स्वतःच उकिरड्यावर फेकली.

अक्काचं तसं झालं नाही. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिचंही तोंड बघितलं होतं. गालाच्या आत, मिसरीचं बोट जिथं टेकायचं तिथं, पांढरा चट्टा होता. त्यातला कण काढून तपासला. निकाल येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. कर्करोग नव्हता. पण चट्टा असाच राहिला आणि मिसरी चालूच राहिली तर पुढं काय होईल याची खात्री नाही, दर सहा महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. आपल्या राज्यात हे नवं नाही. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला एक मोठा अहवाल १९७२ सालीच छापला गेला आहे. त्यात असेच चट्टे आणि तोंडाचे कर्करोग नोंदवलेले आहेत. बाई खडीवर बसून पहिल्यांदा डबीत बोट घालत होती, तेच ते वर्ष.

अक्का सोडते, पुन्हा लावते. मी तिच्यावर रागावत नाही. पुडी कोणी आणली होती?

शाळेत मी आता पोरांना एवढंच सांगतो, थुंकीत रक्त दिसलं की लपवायचं नाही. बहुतेकदा ते साचलेल्या थराचं असतं आणि नीट घासलं की एक-दोन आठवड्यांत थांबतं. नाहीच थांबलं तर कीटण काढून घ्यावं लागतं. पण प्रत्येक वेळी कारण दातांवरच नसतं. ताप आहे, अंगावर लाल ठिपके आहेत आणि हिरडीतून रक्त येतंय, तर डेंग्यू असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुठंही न आपटता अंगावर काळे-निळे डाग पडतात, अशक्तपणा आहे, तर रक्ताची तपासणी करून घ्यायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी हिरडीतून रक्त येतं. तेव्हा गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला सांगायचं. आणि खाण्यात ताजं काहीच नसेल तरीही हिरड्या फुटतात. जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातल्या वैद्यानं १७४७ साली जहाजावर आजारी पडलेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले. ज्या दोघांना संत्री-लिंबं दिली ते सगळ्यात आधी उठून कामाला लागले. आपल्याकडं पेरू, आवळा, लिंबू बांधावरच आहे. पोरं हसतात, म्हणतात, "सर, पेरू तर आम्ही चोरून खातोच."

२००९ साली अक्काची ती चिमणीएवढी पोरगी, माझी भाची, पहिल्या बाळंतपणाला आली. अक्काकडून ती आठ दिवस आमच्याकडं राहायला आली होती, अक्काही बरोबर. सकाळी सगळ्याजणी परसात होत्या. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. भाचीनं चूळ टाकली आणि तशीच थांबली. मान न उचलताच मला कळलं.

"आई, रक्त येतंय."

अक्काचा हात आपसूक कमरेकडं गेला. डबी निघाली, झाकण निघालं. अक्का वाईट नव्हती. तिच्या आईनं तिला जे दिलं तेच ती देत होती, आणि तेवढ्याच मायेनं.

बाई न्हाणीच्या दगडावर बसलेली होती. आता तिच्या तोंडात उणेपुरे अकरा दात. ती उठली, अक्काच्या हातातली डबी काढून घेतली, झाकण लावलं आणि आपल्या पदरात टाकली.

"तुला दिली तव्हा मला कळत नव्हतं," ती अक्काला म्हणाली. "आता कळतंय."

मग नातीची हनुवटी धरून तिनं तिला उजेडाकडं वळवलं, बावीस वर्षांपूर्वी अक्काला वळवलं होतं तसंच. ओठ वर करून बघितलं. मला हाक मारली.

"जालन्याची गाडी किती वाजता हाय रं?"

"नवाला."

"मग भाकरी खाऊन घ्या. अन् ब्रश बंद करू नको गं पोरी. येऊ दे रगत. हळू हळू घास."

अक्का तशीच उभी होती, रिकामा हात धरून. भाची पुन्हा दात घासायला लागली.